पोवळ्याच्या बेटावरची वाळू

ज्यांनी समुद्र पाहिला आहे त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. मुंबईच्या आणि कोकणातल्या मंडळींना तर मी आधीच हात जोडते, तुम्हाला आमचं हसू येईल. मी लिहितेय ते उज्जैन, देवास, धार इकडच्या माझ्यासारख्यांसाठी. आमचं सगळं गणगोत ह्याच पट्ट्यात. शिंद्यांच्या दफ्तरात कारकुनी करायला पूर्वज आले, ते इथेच रमले, आणि पाणी म्हटलं की आम्हाला क्षिप्रेच्या राम घाटापुढे काही सुचत नाही.

पण गेले का, ते आधी सांगितलं पाहिजे, आणि ते सांगायला मला थोडी लाज वाटते.

अठ्ठावीस वर्षं मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवतेय. नोकरीच्या पहिल्याच वर्षी आठवीला मूंग्याच्या बेटांचा पाठ आला. मूंगा म्हणजे आपलं पोवळं. वर्गात साठ मुली, मी पंचवीस वर्षांची, आवाज अजून बसलेला नव्हता. मागच्या बाकावरची एक आगाऊ पोरगी उभी राहिली. "मैडम, आपने देखा है ऐसा टापू?" सगळा वर्ग टकमक बघू लागला. आता नाही म्हणायचं तर उद्यापासून कोण ऐकणार? मी म्हटलं, "हाँ, देखा है." ती कुठली गप्प बसायला! "रेत कैसी होती है, मैडम?" मी ठोकून दिलं, "लाल. एकदम लाल, मूंगे जैसी."

आता तुम्हीच सांगा, मंगळनाथाच्या गावात राहणारी बाई दुसरा कुठला रंग सांगणार? आमच्याकडे ज्याला मंगळ त्याच्या बोटात पोवळं. माझ्या सासूबाईंच्या बोटात, शेजारच्या वकिलाच्या बोटात, भाजीवाल्याच्यासुद्धा. पोवळं लाल, तर पोवळ्याच्या बेटाची वाळूही लालच असणार. तेव्हापासून दर जानेवारीला तो पाठ आला की मी "मी पाहिलंय" म्हणून लाल वाळू रंगवून सांगायची. पुढे पुढे तर मला स्वतःलाच ती दिसायला लागली होती.

मग आलं केबल. एका रविवारी दुपारी आम्ही दोघं चिवडा खात एक इंग्रजी पिक्चर बघत होतो. त्यात ते बेट आलं. चहूबाजूंनी उंच डोंगर, मध्ये हिरवंनिळं पाणी, आणि किनारा पांढराफेक. मी म्हटलं, "अहो, टीव्हीचा रंग उडालाय, मिस्त्रीला बोलवा." ह्यांनी चॅनल बदलून दाखवलं. बातम्या देणाऱ्या बाईची साडी लालभडक होती. "टीव्ही एकदम बढिया आहे," हे म्हणाले. माझ्या हातातला चिवडा हातातच राहिला.

चार रात्री मला नीट झोप नाही. पिक्चरवाले काय, वाळू रंगवतीलसुद्धा, असं मनाला समजावून पाहिलं. पण अठ्ठावीस वर्षांत शिकवलेल्या मुली डोळ्यांपुढून हलेनात. त्याच सुमारास ह्यांनी बँकेतून व्हीआरएस घेतली होती, आणि इंदूरच्या एका टूरवाल्याची जाहिरात पेपरात आली: थायलंड, आणि त्यात ते पिक्चरवालं बेटसुद्धा. मी म्हटलं, जायचं. हे म्हणाले, "अगं, आपण अजून द्वारकेला गेलो नाही." मी म्हटलं, द्वारका कुठे पळून जाते आहे! खरं कारण मी ह्यांनाही सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस

भाऊबीज आटोपून निघालो. दिल्लीपर्यंत आगगाडी, पुढे बँकॉकवरून फुकेतपर्यंत विमान, त्याचं काय सांगायचं? बसलो आणि उतरलो. वीस जणांचा ग्रुप, बहुतेक इंदूरचे. आमचे टूर मॅनेजर लोढाजी, माणूस देवासारखा, पण कायम माणसं मोजत असायचे.

समुद्र पहिल्यांदा पाहिला तो फुकेतच्या धक्क्यावर, आणि मला रडू आलं. पाण्याला पलीकडचा काठच नव्हता. हे पुस्तकात मी हजारदा वाचलेलं, शिकवलेलं, पण काठ नाही म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. हे शेजारी उभे राहून "बाप रे, बाप रे" एवढंच म्हणून राहिले होते.

तिथून मोठ्या बोटीने एका बेटावर मुक्कामाला गेलो. पिक्चरवालं बेट त्याच्या समोरच, नावेने अर्ध्या तासावर. तिथे वस्ती नाही, जायचं, बघायचं आणि परत यायचं. खाण्याचे मात्र हाल. ज्यात मासा दिसत नाही त्यातही माशाचं पाणी घातलेलं असतं, हे पहिल्या घासाला नाकाने सांगितलं. मग ग्रुपमधल्या बायकांनी पिशव्या उघडल्या. शेव, खाकरे, मठरी, आमच्याकडचं लिंबाचं लोणचं. गोऱ्या लोकांमध्ये बसून आम्ही भातावर रतलामी शेव घालून खाल्ली, आणि काही वाईट लागली नाही.

भांडण होतं ते घड्याळावरून. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. सगळ्यांनी काटे फिरवले, ह्यांनी नाही. ह्यांचे आजोबा पंचांग करायचे. जुन्या ज्योतिषांची मध्यरेषा उज्जैनवरून जाते, सगळ्या जगाने आपल्यावरून वेळ लावायची, हे ह्यांनी आईच्या दुधाबरोबर प्यायलेलं. "उज्जैनचा माणूस घड्याळ फिरवत नसतो," हे म्हणाले आणि मनातल्या मनात दीड मिळवत राहिले. मी माझं घड्याळ खाऱ्या पाण्याच्या धास्तीने बॅगेत गुंडाळून ठेवलं होतं. ती माझी चूक.

बोट गेली

तिसरा दिवस पिक्चरवाल्या बेटाचा. चौथ्या दिवशी सकाळी बँकॉककडे परत. म्हणजे काय तो एकच दिवस.

आदल्या संध्याकाळी हे लोढाजींना म्हणाले, "कल कितने बजे? हमारी घड़ी से बोलना." लोढाजी नेहमीप्रमाणे माणसं मोजत होते. "हाँ हाँ काकाजी, साढ़े आठ," म्हणून पुढे गेले. ह्यांनी ते आपल्या घड्याळाचे साडेआठ धरले.

सकाळी मी नवी साडी काढली, भैरवगढच्या छापाची, लालबुंद, खास ह्या दिवसासाठी ठेवलेली. खिडकीतून पाहिलं तर ऊन चांगलंच चढलेलं. मी म्हटलं, "अहो, उशीर तर होत नाहीये ना?" हे म्हणाले, "सव्वासात वाजलेत. विषुववृत्ताजवळ ऊन असंच चढत असेल, तूच सांग, भूगोलवाली तू." आणि मी, भूगोलवाली, ते मान्य केलं! आरामात चहा घेतला, खाकरा खाल्ला आणि डुलत डुलत धक्क्यावर पोचलो. धक्का रिकामा. तिथल्या टपरीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी. बोट सुटून जवळजवळ दीड तास होऊन गेला होता, आणि कायम माणसं मोजणारे लोढाजी नेमके आमच्या वेळी मोजणीत चुकले होते.

मी आयुष्यात नवऱ्यावर असं ओरडले नसेन. "घ्या तुमची मध्यरेषा! आता तिच्यावर बसून जा बेटावर!" धक्क्यावरचे लोक बघायला लागले, म्हटलं बघू देत. हे बिचारे घड्याळ काढून हातात घेऊन उभे. "अगं, एक दगडांनी वेढलेला किनारा, त्यात एवढं काय रडण्यासारखं?"

आणि मग मी बोलून गेले. सगळं. ती आगाऊ पोरगी, ते खोटं, ती लाल वाळू. "एकदा डोळ्यांनी बघायचंय मला, बस. नाहीतर जानेवारीत त्या पोरींपुढे कुठल्या तोंडाने उभी राहू?"

ह्यांनी घड्याळ खिशात टाकलं. मग म्हणाले, "म्हणजे तू पाहिलं नव्हतंस?"

"कधी बघणार? तुमच्याबरोबर तर देवासच्या पुढे गेले नाही!"

"मला वाटलं, लग्नाच्या आधी कॉलेजच्या सहलीला वगैरे गेली असशील. अगं, मी बँकेत सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्या बायकोने लाल वाळू पाहिलीये म्हणून."

पा नोई

त्या टपरीवर एक पन्नाशीची बाई केळी तळत होती. तिचं नाव पा नोई. पा म्हणजे मावशी, हे लोढाजींनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. तिने आमचं सगळं भांडण पाहिलं होतं आणि त्यातलं एक अक्षर न कळता सगळं समजलं होतं, बायकांना कळतंच ते. तिने मला बाकावर बसवलं, हातात केळ्याची भजी दिली. नारळ आणि तीळ घातलेली, कुरकुरीत, आपल्या भज्यांना मागे टाकतील अशी.

टपरीमागे तिची स्वतःची नाव बांधलेली होती, लांब दांड्याच्या मोटरची. मी नावेकडे बोट दाखवलं, मग समोरच्या बेटाकडे. पा नोईने मान हलवली. नाही. तळहात जमिनीकडे नेऊन दाखवला, मग दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या. मी तिच्याकडे बघत राहिले आणि एकदम उजेड पडला. पाणी उतरलंय, खाली खडक, नाव आपटेल. ओहोटी! अठ्ठावीस वर्षं फळ्यावर काढली ती ओहोटी.

तेवढ्यात हे ओरडले, "अगं, इकडे ये! हे बघ!" टपरीच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. अक्षरं सगळी जिलेबीसारखी, पण काही तारखांखाली छोटे चंद्र छापलेले. एकीखाली अमावास्येचा काळा, एकीखाली पौर्णिमेचा गोल, आणि आजच्या तारखेखाली बरोबर अर्धा, शेजारी बुद्धाचं चित्र. "अष्टमी!" हे म्हणाले. "आज आपल्याकडे कार्तिक शुद्ध अष्टमी, आणि ह्यांच्याकडेही अष्टमी! ह्यांच्याकडे तिथ्या आहेत गं!" परदेशात सख्खा भाऊ भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

हे बोटांवर एक ते आठ मोजून अर्ध्या चंद्रावर टिचकी मारायचे, पा नोई खुशीत मान हलवून आपल्या भाषेत मोजायची. दोघांची गाडी अशी काही जमली की मला कोणी विचारेना. मी म्हटलं, "तिथी कळली, पण पाणी कधी चढेल ते विचारा." आणि मग मलाच आठवलं. ओहोटीनंतर सहा तासांनी भरती, मुलींकडून घोकून घेतलंय मी. आत्ता दहाच्या पुढे ओहोटी, म्हणजे चारच्या पुढे भरती. अष्टमीचं पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. मी चार बोटं दाखवली. पा नोईने डोळे मोठे केले आणि हसत माझ्या पाठीवर थाप मारली. मग भिंतीवरच्या घड्याळातल्या तीनवर बोट ठेवलं. तीनला निघायचं.

ह्यांनी खिशातून आपलं घड्याळ काढलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून काटे फिरवले आणि पुन्हा मनगटावर बांधलं.

दुपारी तिने आम्हाला जेवू घातलं. मी हाताने माशाची खूण करून "नाही नाही" केलं, तर तिने केळीच्या पानात बांधलेला चिकट भात दिला, नारळाच्या दुधात शिजवलेला, आत काळे दाणे. पातोळ्यांची आठवण आली. आम्ही तिला रतलामी शेव दिली. तिने चिमूटभर तोंडात टाकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग सगळी पुडीच मागून घेतली.

किनारा

तीनला निघालो. मोटर एवढी फटफटत होती की बोलणं शक्यच नव्हतं, आणि ते बरंच झालं. पाण्याचे शिंतोडे तोंडावर येत होते. खारट! असणारच, पण मला त्याचंही अप्रूप.

बेट जवळ आलं. डोंगरांची भिंत, मध्ये फट. पा नोईने मोटर मंद केली, वाकून पाण्यात बघत बघत नाव आत घातली. आत पाणी असं स्वच्छ की तळाच्या खडकांवर नावेची सावली दिसत होती. आणि समोर तो किनारा, पिक्चरमधला. माणूस म्हणाल तर दोन गोरे, तेही लांब झाडाखाली झोपलेले.

नाव काठाला लागेना. पा नोईने खूण केली, उतरा. गुडघाभर पाणी. हे म्हणाले, "साडी भिजेल." मी म्हटलं, "भिजू दे मेली!" आणि मारली उडी. जरा घसरले, कमरेपर्यंत भिजले, पण उभी राहिले. चालत चालत बाहेर आले, पाय ठेवला आणि खाली पाहिलं.

पांढरी.

पिठीसाखरेसारखी पांढरी, बारीक, पायाला गार. मी खाली बसले. मूठभर घेतली, डोळ्यांजवळ नेली. एक कण लाल नाही. वाळूत पोवळ्याचे तुकडे पडले होते, आल्याच्या गाठींसारखे फाटे फुटलेले, तेही पांढरे. अठ्ठावीस वर्षं मी चुकीचं सांगितलं होतं, हे आता शंभर टक्के सिद्ध झालं. आणि काय सांगू, मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की मी खदाखदा हसत सुटले! चूक तर चूक, पण आता ती मी स्वतः पकडली होती, त्याच बेटावर बसून. माझ्या घराण्यात इथवर कोण आलं होतं?

हे धापा टाकत मागून आले. माझ्या पायांकडे बघितलं आणि तेही हसायला लागले. भैरवगढची नवी साडी पहिल्या पाण्याला रंग सोडते, हे उज्जैनची शेंबडी पोरगीसुद्धा सांगेल. खाऱ्या पाण्यात तिने मनसोक्त रंग सोडला होता. माझ्या पोटऱ्या लाल, आणि पायांभोवतीची हातभर वाळू लाल.

"घे," हे म्हणाले, "केलीस शेवटी तुझी वाळू लाल!"

तेवढ्यात पाणी आलं. हळूच, कोणी ढकलल्यासारखं, आणि तो रंग पुसून गेलं. मी हातात धरून आणलेली चप्पल पुढे रोवली आणि बसून राहिले. पाणी चपलेपर्यंत आलं, मागे गेलं, मग चपलेच्या पुढे आलं. भरती चढत होती, माझ्या डोळ्यांपुढे, आम्ही मोजली होती त्या वेळेला. ह्यांनी घड्याळ बघून सांगितलं, चारला दहा कमी. आम्ही दोघं दोन पोरांसारखे ओरडत होतो. पा नोई नावेत बसून शेव खात आमच्याकडे बघत होती.

परत आल्यावर ग्रुप भेटला. सगळ्यांची तोंडं उतरलेली. त्यांची मोठी बोट सकाळी पोचली तेव्हा पाणी उतरत होतं, ती आत गेलीच नाही. बाहेरून डोंगर बघून, फोटो काढून परतले. लोढाजी माझी लाल पोटरी बघून घाबरले. "काकीजी, चोट लगी?" मी म्हटलं, "चोट नहीं लोढाजी, हम उतरके आए!" त्या संध्याकाळी माझ्या खोलीत ग्रुपमधल्या सगळ्या बायका जमल्या, आणि मी पलंगावर मांडी घालून राणीसारखी बसले होते.

उज्जैन

जानेवारीत पाठ आला. मी फळ्यावर बेट काढलं, खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "लड़कियों, रेत सफ़ेद होती है. मैंने अट्ठाईस साल ग़लत पढ़ाया. देखा भी नहीं था और कहती थी कि देखा है. अब देखके आई हूँ." मग मागून एक मुलगी उभी राहिली. "मैडम, मेरी मम्मी को तो आपने लाल बताई थी." मी म्हटलं, "आज घर जाकर बता देना, सफ़ेद."

संध्याकाळी दारात तिची आई हजर. शुभदा, माझी बावीस वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, आता फ्रीगंजच्या बाजारात शिवणाचं दुकान चालवते. दुकान बंद करून तशीच आली होती, गळ्यात मापाची टेप.

"काय मॅडम," ती दारातूनच म्हणाली, "माझी तर फजिती करून टाकली तुम्ही. पोरीला मी छातीठोक सांगत आले, लाल असते, माझ्या मॅडमने पाहिलीये. आता ती मला हसून राहिली आहे."

"तिला सांग, तुझ्या मॅडम खोटं बोलल्या होत्या. माझं नाव घेऊन सांग."

ती आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली. टेप बोटाला गुंडाळत, उलगडत राहिली. मला वाटलं, आता ही रागावणार, आणि तिचा हक्कच होता. मग एकदम तिने विचारलं, "मॅडम, आणि समुद्र? तो तरी तुम्ही सांगायच्या तसाच आहे ना? मी अजून पाहिला नाही. तुम्ही सांगितला तोच धरून बसले आहे."

"अगं बाई," मी म्हटलं, "त्याच्यापुढे मी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं."

शुभदाने गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली, खुर्चीत नीट मागे सरकून बसली आणि म्हणाली, "मग आता सांगा."